मालक बदलला, पण फटफट तीच राहिली का?

१९९४ साली बुलेट बनवणारी ‘एनफिल्ड इंडिया’ ट्रॅक्टरवाल्या आयशर समूहाच्या हाती गेली आणि बुलेटवेड्यांना धास्ती वाटू लागली. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत गिअर उजवीकडून डावीकडे गेला, किकच्या जोडीला बटण आलं, इंजिनही बदललं. प्रत्येक वेळी जुन्या मंडळींनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांची तक्रार खोटी नव्हती. पण ती तक्रार करायला कंपनी तरी शिल्लक राहिली, हेही खरं!

जुनी बुलेट सुरू करायची म्हणजे एक छोटा विधीच असे. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, किल्ली फिरवायची. मग किक हळूहळू खाली दाबत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा. काटा मध्यावर थांबला की डाव्या हातानं डीकॉम्प्रेशनची छोटी तरफ दाबून किक आणखी जराशी पुढे न्यायची, तरफ सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचा सगळा भार टाकून एकच दणका. जमलं तर धप... धप... धप... असा सावकाश, खर्जातला आवाज सुरू व्हायचा. चुकलं तर किक उलटी उसळून पायावर यायची आणि मालक चार दिवस लंगडत चालायचे. मराठीत मोटारसायकलला ‘फटफटी’ हे नाव पडलं, ते काही उगाच नाही.

गल्लीच्या तोंडाशी हा आवाज आला की घरात कळायचं, अण्णा आले. आई चहाचं आधण ठेवायची, पोरं पुस्तकं उघडून बसायची. फौजदार, पाटील, बागायतदार, लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार, दुधाच्या किटल्या लावून तालुक्याला जाणारे गवळी अशा सगळ्यांची ही गाडी. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात लष्कराच्या सिग्नल्स दलाचे ‘डेअर डेव्हिल्स’ जवान एकमेकांच्या खांद्यांवर मनोरे रचतात, तेही बुलेटवरच. राजस्थानात पाली-जोधपूर रस्त्यावर तर ओम बन्नांच्या देवस्थानात चक्क एका बुलेटची पूजा होते. वाटसरू थांबतात, हार घालतात आणि सुखरूप प्रवासाचं मागणं मागून पुढे जातात.

अशा गाडीचा मालक बदलतो तेव्हा काय होतं? कागदावर शेअर्सचा व्यवहार होतो, कारखान्याच्या फाटकावरची पाटी बदलते. पण गाडीवर जीव लावलेल्या माणसाला वाटतं, आपल्या घराच्या भिंतीला कुणीतरी हात लावला. त्याला कुणी विचारलेलं नसतं, विचारायची पद्धतही नसते. तरीही त्याचं म्हणणं असतं की ही गाडी थोडी माझीही आहे. हे म्हणणं वेडेपणाचं, की त्यात काही तथ्य आहे?

विलायतेतून तिरुवोत्तियूरला

गंमत अशी की, जिला आपण पक्की देशी गाडी समजतो ती मुळात विलायती. इंग्लंडमधल्या रेडिच गावातल्या एनफिल्ड कंपनीनं १९०१ साली पहिली मोटारसायकल बनवली. एनफिल्ड हे नाव तिथल्या सरकारी बंदुकांच्या कारखान्याशी जोडलेलं. या कारखान्याला सुटे भाग पुरवण्याचं काम कंपनीकडे होतं. म्हणूनच तिच्या बोधचिन्हात तोफ आली आणि ‘बंदुकीसारखी घडवलेली’ असं ब्रीद आलं. ‘बुलेट’ हे नाव पहिल्यांदा १९३२ साली एका गाडीला मिळालं. म्हणजे बंदूक आधी, गोळी नंतर!

स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती. १९५२ साली मद्रास मोटर्स या कंपनीमार्फत शेकडो बुलेटची मागणी नोंदवली गेली. इतक्या गाड्या दरवेळी बोटीनं आणण्यापेक्षा इथेच का बनवू नयेत, असा विचार झाला. १९५५ साली रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून ‘एनफिल्ड इंडिया’ स्थापन केली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना उभा राहिला. १९५६ मध्ये, पहिल्या वर्षी, तिथून बाहेर पडल्या अवघ्या १६३ गाड्या. सुरुवातीला सुटे भाग इंग्लंडहून येत आणि इथे जोडणी होई. पुढे काही वर्षांत सगळे भाग इथेच बनू लागले.

इकडे असं बस्तान बसत असताना तिकडे मात्र उतरती कळा लागली होती. जपानी गाड्यांच्या माऱ्यापुढे ब्रिटिश मोटारसायकलवाले एकामागून एक कोसळले. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला आणि १९७० साली इंग्लंडमधलं उरलंसुरलं उत्पादनही थांबलं. आई गेली, पण दूरदेशी दिलेली लेक नांदत राहिली, तसं झालं. १९७७ साली तर तिरुवोत्तियूरच्या बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागल्या. ज्या गावानं गाडी जगाला दिली, त्याच देशाला ती मद्रासहून मागवावी लागली.

म्हणजे बुलेटचा मालक काही पहिल्यांदाच बदलत नव्हता. पण हा पहिला बदल इथल्या लोकांना बदल वाटला नाही, कारण गाडी होती तशीच राहिली. तीच टाकी, तोच आवाज, तोच उजव्या पायाखालचा गिअर. जगानं कूस बदलली, पण बुलेट १९५५ सालातच उभी होती.

शंभर सीसीचा हिसका

पुढे हेच तिच्या मुळावर आलं. १९८४ ते १९८६ या काळात सुझुकी, होंडा, यामाहा आणि कावासाकी अशी जपानी नावं भारतीय कंपन्यांचा हात धरून आली. हिरो होंडाची शंभर सीसीची सीडी १०० आली १९८५ साली. तिच्या जाहिरातीचं सांगणं सरळ होतं. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. बुलेटवाल्याला गाडी विसरून कसं चालेल? दर रविवारी तिची सेवा करावी लागे. पॉइंट साफ करा, टॅपेट लावा, चेन ताणा, गळलेलं तेल पुसा. ‘बुलेटमधून तेल गळत नसेल तर समजावं, तेल संपलं,’ हा विनोद बुलेटवालेच सांगत आणि तेच सगळ्यात जास्त हसत.

नोकरदार माणसाचा हिशेब मात्र साधा होता. पेट्रोल महाग. लिटरला दुपटीहून अधिक पळणारी, हलकी, एका किकमध्ये सुरू होणारी गाडी मिळत असताना पावणेदोनशे किलोच्या आसपासचं धूड कशाला? कंपनीनंही हातपाय मारले. ‘सिल्व्हर प्लस’, ‘एक्सप्लोरर’ अशा लहान गाड्या काढून पाहिल्या, पण त्या फार काळ टिकल्या नाहीत. १९९३ साली डिझेलवर चालणारी ‘टॉरस’ काढली. शेतकऱ्यांना ती परवडे, पण तिचा वेग बेताचा आणि हादरे जबरदस्त. सैन्य, पोलीस आणि ठरावीक निष्ठावंत एवढ्यावर कारखान्याचा गाडा किती दिवस ओढायचा?

अशा वेळी आयशर आली. आयशर म्हटलं की तोवर लोकांच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर यायचा. १९५९ साली फरिदाबादच्या कारखान्यातून देशात बनलेला ट्रॅक्टर बाहेर काढणारी ही मंडळी. पुढे त्यांनी हलके ट्रकही बनवले. १९९० साली त्यांनी एनफिल्ड इंडियात २६ टक्के भागीदारी घेतली आणि १९९४ साली कंपनीच ताब्यात घेतली. ‘एनफिल्ड इंडिया’चं नाव ‘रॉयल एनफिल्ड मोटर्स’ झालं. नांगरटीच्या धंद्यातल्या लोकांना फटफटीतलं काय कळणार, ही शंका साहजिकच होती. ते गाडी स्वस्त करायला पत्रा पातळ करतील का? जपानी इंजिन बसवतील का? की काही वर्षांत कुलूप ठोकून जमीन विकतील?

ही भीती अगदीच निराधार नव्हती. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसनचं उदाहरण समोर होतं. ती कंपनी १९६९ साली एएमएफ या उद्योगसमूहानं घेतली. उत्पादन वाढवण्याच्या नादात दर्जा घसरला, कामगार बिथरले आणि हार्लेचं नाव चेष्टेचा विषय झालं. अखेर १९८१ साली हार्लेच्याच १३ अधिकाऱ्यांनी पैसे उभे करून कंपनी परत विकत घेतली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. मालक बदलला की चाहत्याच्या पोटात गोळा का येतो, ते यावरून कळावं.

बंद करायची की चालू ठेवायची?

आयशरच्या हाती येऊनही बुलेटचे दिवस लगेच पालटले नाहीत. २००० साल उजाडलं तेव्हा महिन्याला ६,००० गाड्या बनवण्याची क्षमता असलेल्या कंपनीच्या जेमतेम २,००० गाड्या खपत होत्या. तोटा वाढत होता. हा व्यवसाय विकून टाकावा किंवा बंद करावा, अशी चर्चा संचालक मंडळात होऊ लागली. व्यवहाराच्या दृष्टीनं ते चूकही नव्हतं.

त्या वेळी आयशरच्या विक्रम लाल यांचा मुलगा सिद्धार्थ पुढे आला. वय अवघं २६. तो स्वतः बुलेट चालवणारा. त्यानं संचालकांकडे थोडी मुदत मागून घेतली आणि रॉयल एनफिल्डची सूत्रं हाती घेतली. म्हणजे ज्या मालकांची बुलेटवाल्यांनी धास्ती घेतली होती, त्यांच्याच घरात एक बुलेटवाला निघाला! पुढे आयशरचं सगळं कामकाज त्याच्याकडे आल्यावर त्यानं समूहाच्या १५ व्यवसायांपैकी १३ व्यवसायांतून अंग काढून घेतलं. ज्या ट्रॅक्टरवर आयशर मोठी झाली, तो व्यवसायही २००५ साली चेन्नईच्या टॅफे कंपनीला विकून टाकला. ठेवले फक्त ट्रक आणि बुलेट. ट्रॅक्टरवाले बुलेट विकतील अशी भीती होती. त्यांनी बुलेटसाठी ट्रॅक्टर विकला.

पण गाडी वाचवायची तर ती बदलायला हवी होती. इथेच खरी ठिणगी पडली.

डावा की उजवा?

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. बाकी सगळ्या गाड्यांचं याच्या बरोबर उलट. हिरो होंडावर शिकलेला तरुण पहिल्यांदा बुलेटवर बसला आणि समोर म्हैस आडवी आली की उजवा पाय जोरात दाबायचा. ब्रेक लागण्याऐवजी गिअर बदलायचा! घरात दोन गाड्या असतील तर बापलेकांनी एकमेकांची गाडी घेण्यात धोकाच होता.

कंपनीनं गिअर डावीकडे आणायचं ठरवलं. २००२ साली आलेल्या ‘थंडरबर्ड’मध्ये गिअर डावीकडे होता, तोही चारऐवजी पाच पायऱ्यांचा. हळूहळू बाकीच्या बुलेटही डावीकडे वळल्या. निष्ठावंतांना हे पटणं कठीण होतं. त्यांच्या दृष्टीनं उजवा गिअर ही बुलेटवाल्याची खूण होती. कुणालाही येता-जाता चालवता येईल ती बुलेट कसली?

या तक्रारीत अभिमान होता, तसाच थोडा अहंकारही. आपल्याला जे जमतं ते इतरांना जमत नाही, यातला आनंद फार मोठा असतो. किकचंही तेच. ती जमवण्यात कसब होतं आणि ते बाप मुलाला शिकवायचा. पण ज्यांच्या पायात तेवढी ताकद नाही, ज्यांचा गुडघा दुखतो, ज्यांची उंची कमी आहे, त्या सगळ्यांसाठी बुलेटचं दार त्या किकनं बंद केलं होतं. त्यात घरातल्या बहुतेक बायका आल्या. आज मुंबईत गिरगावच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसलेल्या, फेटे बांधलेल्या मुली आणि त्यांच्या आया बुलेटवरून दिमाखात जाताना दिसतात. किकवाल्या बुलेटवरही स्वार होणाऱ्या स्त्रिया होत्याच, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ही रांग लांबवली ती बटणानं.

आवाजाचं काय करायचं?

गिअर आणि किक एक वेळ गिळता आली. आवाजाचं मात्र तसं नव्हतं.

हा आवाज येतो कुठून? जुन्या ३५० सीसी बुलेटला एकच सिलिंडर. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, तर पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. म्हणजे पिस्टनला लांबचा पल्ला गाठावा लागतो. त्यात आतलं फ्लायव्हील जडशीळ. त्यामुळे इंजिन सावकाश फिरलं तरी बंद पडत नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी पडते. मिनिटाला आठशे फेऱ्या धरल्या तर सेकंदाला सहा-सात ठोके. एवढे सुटे ठोके कानाला वेगवेगळे जाणवतात. लहान इंजिन भरभर फिरतं, तिथे ठोके एकमेकांत मिसळून नुसती घरघर होते. बुलेटवाले ज्याला काळजाचा ठोका म्हणतात, तो असा यंत्राच्या मापातून आलेला आहे.

जुनं बिडाचं इंजिन धूर करायचं, तेल प्यायचं. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसं ते टिकणं शक्य नव्हतं. ऑस्ट्रियातल्या एव्हीएल कंपनीच्या मदतीनं तयार केलेलं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आधी आलं. मग २००८-०९ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात बसवलेलं नवं इंजिन आलं. तेल गळायचं जवळपास थांबलं, टॅपेट लावायची कटकट गेली. कंपनीनं ७० आणि ९० ही जुनी मापं ३५० सीसीच्या नव्या इंजिनातही कायम ठेवली. तरीही सराईत कानांना फरक कळला. ठोका आहे, पण तो नाही, असा निकाल लागला. २०२० पासून आलेल्या पुढच्या पिढीच्या इंजिनात हादरे मारणारा तोल-दांडा बसला, मापंही बदलली आणि २०२३ साली खुद्द ‘बुलेट ३५०’ या नावाच्या गाडीतही तेच इंजिन आलं. तेव्हा पुन्हा तोच निकाल ऐकू आला. गंमत म्हणजे, ज्या २००९ च्या इंजिनाला पूर्वी नावं ठेवली, त्याच्याच आठवणीनं आता उसासे टाकणारे भेटतात!

एक गोष्ट मात्र खेदानं सांगायला हवी. मूळ आवाज खोल होता, पण कर्कश नव्हता. नव्या गाडीत तो मिळत नाही म्हणून अनेक तरुणांनी बाहेरून सायलेन्सर आणून बसवले आणि फटाक्यासारखे बार काढत रात्री-अपरात्री वस्तीतून गाड्या पिटाळल्या. दवाखान्यातले रुग्ण, तान्ही बाळं, अभ्यासाला बसलेली मुलं यांचा विचार कोण करणार? महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडले. ज्याला बुलेटचा आवाज खरोखर आवडतो, तो असले बार कधीच काढणार नाही. जुने बुलेटवालेच हे पोरांना ठणकावून सांगतात आणि या बाबतीत त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे.

मिस्त्रींच्या हातातला पाना

या बदलात खरोखर काही गमावलं असेल, तर ते गॅरेजात. प्रत्येक गावात बुलेटचा एक मिस्त्री असायचा. बाकीच्या गाड्यांना तो हात लावत नसे. गाडी गल्लीत शिरली की आवाजावरूनच तो सांगायचा, टॅपेट सैल झालाय, टायमिंग पुढे गेलंय. त्याच्या गॅरेजबाहेर रविवारी चार बुलेटवाले बाकड्यावर बसून चहा पीत. वकील असो की दूधवाला, हात सगळ्यांचेच काळे. मालक आणि गाडी यांच्यात त्या मिस्त्रीचं नातं होतं आणि मालकालाही आपल्या गाडीच्या पोटात काय आहे ते ठाऊक असे. लडाखच्या वाटेवर गाडी अडली तरी एक पाना, एक पक्कड, थोडी तार आणि जोडीला अनुभव, एवढ्यावर ती पुन्हा चालू करता येई.

२०२० साली प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि इंधन इंजेक्शन, सेन्सर, संगणकाची पेटी हे सगळं अपरिहार्य झालं. गाडी क्वचितच अडते, पण अडली तर मिस्त्रीच्या कानाला काही सांगत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र जोडून दोष वाचावा लागतो. तरुण मिस्त्री हे शिकले. जुन्यांतल्या काहींनी दुसरी वाट धरली. ते आता पन्नास-साठ सालापासूनच्या जुन्या बुलेट खोलून, घासूनपुसून पुन्हा उभ्या करतात. गिऱ्हाईक नातू असतो, गाडी आजोबांची असते. बाकीच्यांचं बाकडं मात्र रिकामं होत गेलं.

हे नुकसान विक्रीच्या आकड्यांत दिसत नाही. आकडे तर छाती दडपून टाकणारे आहेत. २००९ साली आलेल्या ‘क्लासिक’नं जुनं रूप आणि नवं इंजिन यांची सांगड घातली आणि गिऱ्हाइकांना महिनोन्‌महिने थांबावं लागू लागलं. २०१३ साली चेन्नईजवळ ओरगडमला नवा कारखाना सुरू झाला. २०१४ साली रॉयल एनफिल्डच्या जगभरातल्या विक्रीनं हार्ले-डेव्हिडसनला मागे टाकलं. २०२४-२५ या आर्थिक वर्षात तर १० लाख गाड्यांचा टप्पा ओलांडला. कुठे पहिल्या वर्षीच्या १६३ आणि कुठे १० लाख!

गर्दी वाढली तसा एक नवाच सल उभा राहिला. बुलेट क्लबांची मंडळी वर्गणी काढून स्वतःचे मेळावे भरवत आली होती. पुढे कंपनीही दर वर्षी गोव्यात मोठा मेळावा भरवू लागली. २०२३ पासून त्याचं नाव ‘मोटोव्हर्स’ झालं. गाणीबजावणी, शर्यती, दुकानं, हजारो माणसं. जुन्यांना वाटतं, आपला घरचा गणपती सार्वजनिक झाला. दर्शनाला गर्दी होते याचा आनंद आहे, पण आरतीचं ताट आता दुसऱ्याच्या हातात आहे.

म्हैसूरची रिकामी खुर्ची

मग मालक बदलला ते बरं झालं की वाईट? याचं उत्तर शोधायला म्हैसूरला जावं लागेल.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जावा आणि पुढे येझदी या गाड्या बनत. दोन सायलेन्सर, टू-स्ट्रोकचा खणखणीत आवाज, आणि गिअरला आणि किकला मिळून एकच तरफ. येझदीचं वेड बुलेटच्या वेडाइतकंच कडवं. शंभर सीसीच्या गाड्यांनी तिलाही घेरलं, प्रदूषणाचे नियम तिच्याही आड आले. तिथे मुदत मागणारं कुणी पुढे आलं नाही. १९९६ साली कारखाना बंद पडला.

पुढची बावीस वर्षं येझदीवाल्यांकडे तक्रार करायलासुद्धा कुणी नव्हतं. गिअर बदलू नका, आवाज बदलू नका, हे सांगायचं कुणाला? त्यांनी भंगार बाजार पालथे घातले, लेथवर सुटे भाग घडवून घेतले आणि गाड्या जिवंत ठेवल्या. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी ‘जावा दिन’ साजरा करत राहिले. २०१८ साली महिंद्राचं पाठबळ असलेल्या ‘क्लासिक लेजेंड्स’नं जावा पुन्हा आणली. त्या मंडळींत आयडियल जावाच्या इराणी घराण्यातले बोमन इराणीही होते. नवी जावा चार स्ट्रोकची. रूप जुनं, पण तो खणखणाट नाही. झालं, कुरकूर सुरू! पण या कुरकुरीत एक सुटकेचा सुस्काराही होता. बावीस वर्षांनी का होईना, नाव ठेवायला गाडी तरी आली.

आता तर चक्र उलटं फिरलं आहे. ‘क्लासिक लेजेंड्स’नं २०१६ साली बीएसए हे जुनं ब्रिटिश नाव घेतलं. तमिळनाडूतल्या होसूरच्या टीव्हीएसनं एप्रिल २०२० मध्ये १८९८ सालची नॉर्टन कंपनी १ कोटी ६० लाख पौंडांना विकत घेतली. ऑस्ट्रियातली केटीएम २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली, तेव्हा २०२५ साली धावून गेली ती आपल्या पुण्याची बजाज ऑटो. १९९४ साली इथल्या बुलेटवाल्यांना जे प्रश्न पडले, ते आता तिकडच्या चाहत्यांना पडतात. हे लोक आपली गाडी आपलीच ठेवतील ना? या प्रश्नाचं वजन आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार?

गाडीचा मालक कोण, याचं कायद्यातलं उत्तर एका ओळीचं आहे. पण तिरुवोत्तियूरचा कारखाना तगला तो नुसत्या भांडवलावर नाही. पडत्या काळातही महिन्याला त्या दोन हजार गाड्या घेणारी, तेल पुसणारी, लंगडत का होईना पुन्हा किक मारणारी माणसं होती, म्हणून मुदत मागायला काही कारण उरलं. आणि नवे मालक बदल करताना टाकीचा आकार, बसण्याची ढब आणि तो ठोका यांना जपून हात लावत राहिले, तेही या कुरकुरणाऱ्यांच्या धाकानं. तेव्हा जुन्यांच्या तक्रारीला वेडेपणा म्हणू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कुरकुरीसारखीच ती असते. सगळी मानायची नसते, पण कानाआड केली तर घर बिघडतं.

आजही कुठल्याशा गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी तो आवाज येतो. पूर्वीपेक्षा थोडा मऊ, थोडा शहाणा झालेला. अण्णा आता ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असतात. नातीनं बटण बंद करून गाडी स्टँडवर लावली की ते मान हलवून म्हणतात, ‘पूर्वीचा आवाज नाही राहिला.’ आणि मग खिशातला रुमाल काढून टाकीवरची धूळ पुसू लागतात.